दोन ठिपक्यांचा हट्ट

तिला सगळे सिस्टरच म्हणत. वॉर्डात पेशंट म्हणत, गल्लीतला दुकानदार म्हणे, आणि घरी आईसुद्धा चिडली की म्हणे, "या सिस्टर, मिळाली का सवड?" ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या वॉर्डात तिची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. लग्न करायचं नव्हतं, ते केलं नाही. धाकट्या भावाला शिकवायचं होतं, त्याला शिकवलं. तो आपल्या संसाराला लागला आणि घरात मायलेकी दोघीच उरल्या.

चाळिशी उलटल्यावर तिने जर्मन शिकायला घेतलं तेव्हा ओळखीपाळखीच्यांनी तोंडात बोटं घातली. वॉर्डातल्या दोघीतिघी तिकडे नोकरीला गेल्या होत्या, पण त्या कालच्या पोरी. "या वयात नवी भाषा?" भावजय फोनवर म्हणाली. सिस्टर म्हणाली, "जुनीत सगळं बोलून झालंय."

क्लास टायरच्या दुकानाच्या वर होता. जिना चढताना रबराचा वास यायचा आणि हवा भरायच्या यंत्राची धडधड वर्गापर्यंत ऐकू यायची. शिकवणाऱ्या मॅडम तिच्याहून खूप लहान, पण तयारीच्या. पहिल्या आठवड्यातच त्यांनी फळ्यावर u काढला, त्यावर दोन ठिपके दिले आणि म्हणाल्या, "हे दागिने नाहीत, घातले घातले, काढले काढले असे. हे अक्षरच वेगळं आहे. o चंही तसंच. schon म्हणजे आधीच. schön म्हणजे सुंदर. ठिपके खाल्लेत तर बायकोला 'तू आधीच आहेस' म्हणाल."

वर्ग हसला. मग एकेकाला उठवलं तेव्हा हसू आटलं. कुणी 'यू' म्हणे, कुणी 'इउ', कुणी नुसताच 'ऊ'. शेजारच्या बाकावर एक आडदांड वेल्डर बसायचा. त्याने एवढा जोर लावला की खिडकीतलं कबुतर उडालं.

"जोर नको," मॅडम म्हणाल्या. "लांब 'ई' म्हणत राहा. जीभ आहे तिथेच ठेवा, अजिबात हलवू नका. आता फक्त ओठ 'ऊ'सारखे गोल करा."

सिस्टरने 'ई' धरला, ओठ गोल केले आणि ü आला. पहिल्याच फटक्यात, लख्ख. तसाच ö, जीभ 'ए'ची आणि ओठ 'ओ'चे. ä तर काय, आपल्या 'ॲ'च्या शेजारघरचा. त्या दिवसापासून कुणाचं अडलं की मॅडम म्हणायच्या, "सिस्टर, म्हणून दाखवा." आणि सिस्टर उभी राहून म्हणून दाखवायची. इतकी वर्षं कुणी तिला काही म्हणून दाखवायला सांगितलं नव्हतं. ती घरी येताना जिन्यातसुद्धा ओठ गोल करून यायची. क्लासचे संचालक एकदा समोरून आले आणि बाई आपल्याला शीळ घालतात की काय म्हणून दचकून बाजूला झाले.

परीक्षा जवळ आली आणि एका सकाळी चूळ भरताना पाणी डाव्या बाजूने आपसूक गळलं. तिने पुन्हा भरून पाहिली, पुन्हा गळली. आरशात पाहिलं तर अर्धा चेहरा तिचा होता आणि अर्धा कुणीतरी इस्त्री करून ठेवल्यासारखा. डावा डोळा मिटेना. तिने आधी दोन्ही हात वर करून पाहिले, एक वाक्य बोलून पाहिलं, कपाळाला आठ्या घालून पाहिल्या. डावीकडे कपाळही हललं नाही, तेव्हा तिने सुस्कारा सोडला. मेंदूचं नाही, नसेचं आहे, हे तिला तेवढ्यावरून कळलं. मग मात्र मोरीच्या उंबऱ्यावर बसून ती रडली. रडतानाही एकच बाजू रडवेली दिसत होती.

डॉक्टरांनी तेच सांगितलं. चेहऱ्याची नस सुजली आहे, गोळ्या घ्या, डोळ्यात थेंब घाला, बहुतेकांचं बरं होतं. बहुतेकांत ती बसली नाही. डोळा मिटायला लागला, गालाला थोडी जान आली, पण ओठाचा डावा कोपरा खाली ओढलेलाच राहिला. 'पाणी' म्हणायला गेलं की 'फाणी' व्हायचं. आणि ü म्हणायला गेलं की ओठ उजवीकडे गोल व्हायचे, डावीकडून हवा फुसकन निसटायची आणि यायचा तो नुसता 'ई'. जो ऐकून तीच मागे वेल्डरला हसली होती.

आजारपणाची रजा होती. आईने तिला भावाच्या जुन्या कॉम्प्युटरसमोर बसलेली पाहिलं. एक बटण दाबून धरायचं, उजवीकडच्या आकड्यांवर बोटं चालवायची, आणि सोडायचं, असं चाललं होतं.

"काय करतेस?"

"ü काढतेय. Alt दाबून ठेवायचं आणि शून्य दोन पाच दोन. ठिपकेवाला o हवा असेल तर शून्य दोन चार सहा."

"एका अक्षरासाठी एवढी यातायात? तो कीबोर्डावर नाही?"

"आपल्या कीबोर्डावर नाही. कुठे काहीच सोय नसेल तर u पुढे e लिहिला तरी चालतो. पण नुसता u लिहायचा नाही." तिने पडद्याकडे बोट केलं. सबंध पान ü ने भरलं होतं. "तोंडाने येत नाही ना, मग बोटाने येऊ दे."

आई शाळेत पहिलीला शिकवत असे. बाराखडी न येणाऱ्या पोरांच्या हनुवट्या धरून तिने निम्मं गाव बोलतं केलं होतं. ती खुर्ची ओढून शेजारी बसली. "मला सांग बघू कसं म्हणायचं ते."

सिस्टरने सांगितलं. आईने 'ई' धरला, ओठ गोल केले, आणि कवळी सुटून खाली आली. कवळी हातात घेऊन तिने बिनदातांनी पुन्हा म्हटलं, आणि असा काही सुरेख ü आला की सिस्टर बघतच राहिली.

"आला का?" आई बोळक्या तोंडाने म्हणाली. "मग? माझ्या तोंडात एक दात नाही, तुझ्याकडे अर्धा ओठ तरी आहे. दे इकडे तो कोपरा." आणि तिने पहिलीच्या पोराचा धरावा तसा लेकीच्या ओठाचा डावा कोपरा बोटाने आत ढकलला. "आता म्हण."

सिस्टर म्हणाली. हवा निसटली नाही. ü आला. थोडा घोगरा होता, पण तोच होता, दुसरा कुठला नाही. दोघी हसल्या. एक वाकडी, एक बोळकी, आणि कॉम्प्युटरवर पानभर ü त्यांच्याकडे डोळे वटारून बघत होते.

रजा संपवून ती कामावर गेली तर मॅट्रनने तिला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. "तुझ्या भल्यासाठीच सांगते. थोडे दिवस लिननचं स्टोअर सांभाळ. पेशंट आधीच धास्तावलेले असतात. डोळे उघडले की समोर..." पुढचं वाक्य मॅट्रनने गिळलं.

"समोर काय, मॅट्रन?"

"तू समजूतदार आहेस."

सिस्टर समजूतदार होतीच. आजवर तिने तेच केलं होतं. स्टोअर तळघरात होतं. तिथे फळ्यांवर चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे कपडे, आणि एक पिवळा दिवा. तिथे तिच्याशी दिवसभर कुणी बोलायचं नाही. मग तीच बोलायची. गठ्ठे मोजताना जर्मन आकडे म्हणायची आणि fünf आलं, म्हणजे पाच, की डावं बोट आपोआप ओठाच्या कोपऱ्याकडे जायचं. धोबीखान्यातून गाडा घेऊन येणारी बाई पहिल्या दिवशी घाबरली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "दात दुखतो का हो सिस्टर?"

"नाही. दार उघडतेय." जर्मनमध्ये दाराला Tür म्हणतात. धोबीखान्यातल्या बाईला काही कळलं नाही, पण तिने मान डोलावली.

क्लासमध्ये परत गेली तेव्हा मॅडमनी तिला मिठी मारली आणि त्यानंतर वर्गात एकदाही उठवलं नाही. दयेपोटी. ते सिस्टरला बोचलं. वेल्डर मात्र जसा होता तसा होता. कॉम्प्युटरच्या खोलीत सरावाचा पेपर चालू होता. आजारी माणसाबद्दल वॉर्डाला पत्र लिहायचं होतं. खोली सांभाळणारा म्हणाला, "या मशीनला ठिपके येत नाहीत. सोडून द्या, कोण बघतंय." वेल्डरने सोडून दिले. सिस्टरने त्याच्या पडद्यावर वाकून पाहिलं. पेशंटच्या छातीत दाबल्यासारखं होतंय, असं त्याला लिहायचं होतं.

"दादा, drücken म्हणजे दाबणं. ठिपके काढलेत तर drucken, म्हणजे छापणं. तुमच्या पेशंटच्या छातीत छापखाना निघालाय."

वेल्डर इतका मोठ्याने हसला की खोली सांभाळणारा उठून आला. मग वेल्डरने विचारलं, "पण तुम्ही बोलणार कसं, सिस्टर? मला तर चांगल्या तोंडाने जमत नाही." असं सरळ विचारणारा तो पहिलाच. तिने बोट लावून म्हणून दाखवलं. तो गंभीरपणे बघत राहिला, वेल्डिंगचा सांधा बघावा तसा. "आधार दिला की बसतंय बरोबर," म्हणाला. तेव्हापासून दोघं वर्ग सुटल्यावर टायरच्या दुकानासमोर उभं राहून सराव करू लागले. तोंडी परीक्षा जोडीने असते. जोडी ठरली.

आणि संचालकांनी बोलावलं. त्यांच्या टेबलामागे भिंतभर पास झालेल्यांचे फोटो होते, सगळे हसरे, सगळे सरळ.

"तुम्ही मला थोरल्या बहिणीसारख्या," त्यांनी सुरुवात केली. असं कुणी म्हणालं की पुढे काहीतरी हिसकावून घेतलं जातं, हे सिस्टरला अनुभवाने माहीत होतं. "लेखी तुम्ही सहज काढाल. पण तोंडी... उच्चाराचे गुण असतात. आमचा निकाल आजवर शंभर टक्के आहे. तर तुम्ही यंदा आमच्यातर्फे बसू नका. बाहेरून बसा, किंवा तब्येत सुधारल्यावर बघू."

"सुधारली नाही तर?"

"तसं कशाला म्हणायचं?"

"डॉक्टर म्हणालेत. आहे हे असंच राहील." ती शांतपणे बोलत होती, पण टेबलाखाली तिने पदराचं टोक मुठीत आवळलं होतं. "म्हणजे मी कधीच बसायचं नाही?"

"आणि ते बोट," संचालक म्हणाले. "परीक्षक काय म्हणतील? तोंडाला हात लावून बोलणं बरं दिसत नाही."

"बरं दिसण्याची परीक्षा आहे का ही? मग मी आधीच नापास. चष्मा लावून वाचलेलं चालतं, काठी टेकून चाललेलं चालतं. मी बोट टेकून बोलणार. चालत नाही असं कुठल्या नियमात आहे ते दाखवा, मी आत्ता नाव काढते."

नियम नव्हता. संचालकांनी पंखा वाढवला, पाणी प्यायले. "निकाल खाली आला तर?"

"तर भिंतीवर नव्व्याण्णव लिहा. नव्व्याण्णव हा काही शिवीगाळीचा आकडा नाही."

ती बाहेर आली तेव्हा मॅडम दाराशीच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. सिस्टर त्यांच्यासमोर थांबली. "मॅडम, उद्यापासून मला उठवा. सगळ्यांच्या आधी उठवा. येत नसेल तर सगळ्यांसमोर सुधारा. पण बसवून ठेवू नका." मॅडमचे डोळे भरले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिलं नाव सिस्टरचंच घेतलं, आणि तिचा ö तीनदा नापास केला.

परीक्षेची खोली साधी होती. एक टेबल, दोन परीक्षक, पाण्याची बाटली. आजारी सहकाऱ्याला भेटायला जायचं आहे, काय न्यायचं, किती वाजता जायचं, ते जोडीने ठरवा, असा विषय आला. वेल्डरला घाम फुटला होता. इतके दिवस ठिपके खाल्ल्याबद्दल बोलणी खाल्ली होती, म्हणून त्याने आज जिथे तिथे ठिपके देऊन टाकायचं ठरवलं होतं. केकला Kuchen म्हणतात. तो दणक्यात म्हणाला, "आपण दोन Küchen घेऊन जाऊ." म्हणजे दोन स्वयंपाकघरं.

सिस्टरने बोट ओठाला लावलं. "Eine Küche ist zu schwer," ती म्हणाली. "Ein Kuchen reicht." स्वयंपाकघर फार जड होईल, केक पुरे.

दोन्ही परीक्षक हसले. वेल्डरला क्षणभर कळलं नाही, मग तोही हसला, आणि त्याची भीती मोडली. त्यातल्या वयस्क परीक्षक बाईंनी मात्र तिच्या बोटाकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, दुखतंय का, थांबायचं का. आवाजात खरी काळजी होती. पण काळजीच्या आवाजातच तर तिला तळघरात पाठवलं होतं. सिस्टरने हात खाली घेतला नाही.

"Nein," ती म्हणाली. "Ich drücke hier. Dann kommt das Ü." नाही. मी इथे दाबते. मग Ü येतो.

परीक्षक बाईंनी मान हलवली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "पुढे."

दोघंही पास झाले. उच्चाराचे थोडे गुण कापले होते. सिस्टरला ते अजिबात पटलं नाही. फेरतपासणीसाठी अर्ज करायचा म्हणून ती बसली, तेव्हा आईने कॉम्प्युटरचं बटणच बंद केलं. "पास झालीस ना? आता दगडातून पाणी काढू नकोस."

मॅट्रनला बातमी कळली तशी ती स्वतः तळघरात आली. वॉर्डात माणसं कमी पडत होती. "ये बाई परत वर. तुझी जागा तुलाच."

"तोंड तेच आहे, मॅट्रन."

"ते आता... सवय होते माणसाला."

"मग तेव्हाच करून घ्यायची होती." एवढं बोलून सिस्टर अभ्र्यांचा गठ्ठा फळीवर ठेवायला वळली. राजीनामा तिने त्याच आठवड्यात दिला, दुसरी नोकरी हातात नसताना. भावजयीने फोन करून ठणाणा केला. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागलीस, म्हणाली. दोन महिने मायलेकी आईच्या पेन्शनवर राहिल्या, आणि त्यातल्या काही दिवशी सिस्टरलाही भावजयीचंच खरं वाटलं. हे ती नंतर कबूल करायची.

मग मुलाखत आली. पडद्यावर जर्मनीतल्या हॉस्पिटलची मुख्य परिचारिका होती, रुंद खांद्यांची, केस आखूड कापलेली. तिच्या आडनावात ö होता. सिस्टरने बोट लावून तिला आडनावाने नमस्कार केला. बाईंच्या भुवया वर गेल्या. "बरोबर उच्चारलंत," त्या म्हणाल्या. मग त्यांनी सिस्टरचं आडनाव घेतलं. त्यात ळ होता. बाईंनी तिथे ल म्हटला.

"ल नाही," सिस्टर म्हणाली. "ळ."

बाईंनी पुन्हा ल म्हटला. मग र म्हटला. मग जीभ कुठेतरी भलतीकडेच अडकली आणि त्या स्वतःच हसायला लागल्या. सिस्टरने कॅमेऱ्याजवळ तोंड नेलं, आ केला आणि जिभेचं टोक मागे वळवून टाळूला लावून दाखवलं. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या आईने कपाळावर हात मारला. नोकरी मागायला बसलीस की बाराखडी शिकवायला! पण बाईंनी पुन्हा प्रयत्न केला, आणि जवळपास ळ म्हणावा असा एक आवाज निघाला.

मग त्यांनी विचारलं, "कुठला वॉर्ड हवा? मागच्या बाजूचं कामही आहे. निर्जंतुकीकरण, साठा. तिथे लोकांशी फारसा संबंध येत नाही."

"नको," सिस्टर म्हणाली. "लोकांशी संबंध येईल तिथलं काम द्या. पक्षाघाताच्या पेशंटचा वॉर्ड आहे ना तुमच्याकडे? तिथे. माझ्याकडे बघून ते घाबरणार नाहीत. आणि घाबरले तर माझं मी बघून घेईन."

हे सगळं तिने जर्मनमध्ये म्हटलं, दोनदा अडखळून. पडद्यावरच्या बाईंनी ड्यूटीच्या वेळा सांगायला सुरुवात केली, तेव्हा सिस्टरला कळलं की नोकरी मिळाली.

निघायच्या आधी ती पेढ्यांऐवजी बिस्किटांचे पुडे घेऊन क्लासला गेली. संचालक उठून उभे राहिले. "शंभर टक्के!" ते म्हणाले, जणू त्यांनीच तिला ढकलून बसवलं होतं. "तुमचा फोटो लावायचाय भिंतीवर. तुम्ही प्रवेश घेताना दिलेला आहे आमच्याकडे. छान आहे तो." त्यांनी खणातून काढला. सरळ ओठांची बाई हसत होती.

"ही परीक्षेला बसली नव्हती," सिस्टर म्हणाली. "मी बसले होते. माझा लावा."

"अहो, पण जाहिरातीला..."

"नाहीतर लावू नका. पण तिचा लावायचा नाही."

संचालक म्हणाले, विचार करतो. सिस्टर म्हणाली, करा, आणि समोरच्या खुर्चीत बसून राहिली. खाली टायरमध्ये हवा भरायची धडधड चालू होती. मॅडम वर्ग सोडून आल्या, काही न विचारता त्यांनी फोन काढला आणि म्हणाल्या, "इकडे बघा सिस्टर." सिस्टरने ओठाला बोट लावलं नाही, कोपरा सावरला नाही. जसं आलं तसं हसली.

तो फोटो भिंतीवर लागला. संचालकांनी तो सगळ्यात खालच्या ओळीत, झाडाच्या कुंडीमागे लावला होता. ती गेल्यावर मॅडमनी कुंडी हलवली.